तात्या हयात असताना

चऱ्होली,
रविवार, सकाळ

प्रिय जयदीप,

पाकिटावर माझं अक्षर बघून काळजात धस्स झालं असेल तर आधी घोटभर पाणी पी. तात्या आहेत. आत्ता ओट्यावर खुर्ची टाकून बसलेत आणि समोरच्या टॉवरच्या वॉचमनला हातवारे करून काहीतरी शिकवतायत. तब्येत वयाच्या मानानं बरी, फक्त विसरायला लागलेत. गेल्या महिन्यात तू तात्या गेले असं समजून बंगळूरच्या विमानतळापर्यंत आलास आणि मी फोनवर 'अरे, तसं काही नाही, गैरसमज झालाय' म्हटल्यावर 'मग ठीक आहे' म्हणून परत फिरलास. फोन ठेवताना तू विचारलंस, 'दादा, मग तू मिशी का काढलीस?' तेव्हा इथे एवढा गलका होता की उत्तर द्यायचं राहून गेलं. ते दोन वाक्यांत सांगण्यासारखंही नाही, म्हणून लिहायला बसलोय. शाळा सुटल्यापासून एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नकोस.

सगळं सुरू झालं माझ्या घोरण्यापासून. त्याचा पहिला त्रास तुलाच. उन्हाळ्यात खळ्यावर आपण दोघं एका वाकळेवर झोपायचो आणि तू माझ्या पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधून दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळायचास. मी घोरायला लागलो की हिसका. सकाळी माझा अंगठा लालबुंद आणि तू उठायला तयार नाही. एकदा मी सुतळी विसरून तसाच उठून चालायला लागलो आणि तू वाकळेवरून फरफटत मागे आलास. तात्या शेणाची पाटी खाली ठेवून पोट धरून हसले होते. त्यांना तसं हसताना मी नंतर फारसं बघितलं नाही. घोरणं खरं त्यांचंच, त्यांचा आवाज मळ्यापर्यंत जायचा. पण आई म्हणायची, आवाजाचं काय न्हाई, आवाज थांबला की मला जाग येती. ती उठून बसायची आणि तात्यांच्या दंडावर हात ठेवून त्यांचा पुढचा श्वास यायची वाट बघायची. आपण तिला हसायचो. आई कशाला घाबरायची ते मला आत्ता, डॉक्टरांनी समजावल्यावर कळलं.

माझंही तेच चाललेलं. झोपेत घसा मिटायचा, श्वास थांबायचा, मग गुदमरून जाग यायची, आणि हे रात्रभर. तुझ्या वहिनीनं आधी कानात कापूस घातला, मग उशी उचलून आमच्या सार्थकच्या खोलीत गेली. तो हिंजवडीला नोकरीच्या जवळच मित्रांबरोबर राहतो, त्यामुळे खोली रिकामीच असते. मला वाटायचं, दमणूक आहे, वय झालं. मग एक दिवस चाकणहून घरी येताना सिग्नलला गाडी थांबली आणि मी तिथेच स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलो. मागचे हॉर्न वाजवून वाजवून कंटाळले. शेवटी एका टेम्पोवाल्यानं काच ठोकून विचारलं, 'ओ काका, हाय का गेले?' गाडी पळत असताना डोळा लागला असता तर मी गेलोच होतो, आणि जाताना आणखी कोणाला घेऊन गेलो असतो. डॉक्टरांनी झोपेची तपासणी केली आणि सरळ सांगितलं, रोज रात्री मशीन लावून झोपायचं, नाहीतर हृदयाचं काही खरं नाही. आणि झोप सुधारेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही.

मशीन म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. ती हवा सोडते, हवा नळीतून येते आणि नळीच्या टोकाला मास्क. पेटीचं काही नाही रे, सगळं अडतं ते मास्कपाशी. चिंचवडच्या दुकानातून तेजस्विनी नावाची मुलगी बॅगभर मास्क घेऊन घरी आली आणि साड्या दाखवाव्यात तसे एकेक सतरंजीवर मांडले. पहिला फक्त नाकावर बसणारा. झोपेत माझं तोंड उघडं पडतं, त्यामुळे नाकातून आलेली हवा तोंडावाटे फुस्स. हनुवटीला पट्टा बांधून बघितला तर तात्यांनी लगेच विचारलं, 'दाढ काढली व्हय रं?' दुसरा अगदी छोटा, नाकपुड्यांत दोन मऊ बोंडं बसवायची की झालं. पण माझी डावी नाकपुडी आतून वाकडी, तिच्यातून हवा जाईना. नाकाला कधी मार लागला होता का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, आमच्या धाकट्यानं विटी मारली होती. आठवतंय का तुला? रक्त बघून माझ्यापेक्षा तूच जास्त रडलास आणि घरी सांगितलंस की दादाला बैलानं शिंग मारलं. तात्या कितीतरी दिवस त्या गरीब बैलाला शिव्या घालत होते. तो बोंडांचा मास्क मला बसला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, तेव्हा ह्या सगळ्यात तुझाही हात आहे.

राहिला तिसरा, नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा. मापाला अचूक, पट्टे छान बसले, पण मशीन चालू केलं की वरच्या ओठापाशी शिट्टी वाजायची आणि गार हवा थेट डोळ्यांत. तेजस्विनी माझ्या मिशीकडे बघायची आणि पट्टा आणखी आवळायची. अरे, मी चाकणला आयुष्यभर डिझेलच्या टाक्यांची गळती शोधत आलोय. टाकीत हवा भरायची, सांध्यावर साबणाचं पाणी फिरवायचं, बुडबुडा आला की लीक. मी तुझ्या वहिनीला वाटीत साबणाचा फेस करायला लावला आणि दाढीच्या ब्रशनं मास्कच्या कडेकडेनं फिरवायला सांगितलं. गालाला काही नाही, हनुवटीला काही नाही, नाकाच्या बाजूला काही नाही. मिशीखाली मात्र बुडबुड बुडबुड, उकळत्या चहासारखे. तुझी वहिनी हसून हसून खाली बसली. मला हसू येईना. माझ्या लाइनवर कोणी गास्केटखाली, म्हणजे सांध्यातल्या रबरी पट्टीखाली, केस राहू दिला असता तर मी त्याची पार बिनपाण्यानं केली असती, आणि इथे मी स्वतः गास्केटखाली आख्खी झुपकेदार मिशी ठेवून बसलो होतो.

तरी मी लगेच हार मानली नाही. मिशी कातरून बारीक केली, तर खुंट टोचायला लागले आणि शिट्टीचा आवाज बदलला एवढंच. मिशीला खोबरेल लावून चापून बसवली, तर मास्कच निसटून कानाशी आला. तुझ्या वहिनीनं तात्यांच्या जुन्या धोतराच्या मऊ कापडाची पट्टी शिवून मास्कला आतून लावली. तात्यांनी दोरीवर वाळत घातलेली ती पट्टी बघितली आणि विचारलं, 'एवढ्या बारक्या लंगोट्या कुनाच्या?' शेवटी तेजस्विनीनं धीर करून विचारलं, 'काका, मिशी काढायला काही अडचण आहे का?' बिचारी शहरात वाढलेली. मी तिला काय सांगणार? आपल्याकडे बाप गेल्यावर मिशी उतरते, त्याआधी नाही. आई गेली तेव्हा आपण दोघांनी डोकी केली, पण मिशीला वस्तरा लावला नाही, कारण तात्या हयात होते. तुला तर लावायला मिशीच नव्हती.

हे तुला कोणी सांगायला नको, ते तुझ्याइतकं कोणालाच भोवलं नाही. तुला हिंजवडीच्या कंपनीची नोकरीची ऑर्डर मिळाली आणि तू नेमका जत्रेच्या दिवशी गुळगुळीत तोंडानं घरी आलास. मी तुला दारातच म्हटलं, मागच्या अंगानं जा. पण तुला आईला पेढे द्यायचे होते आणि तू सरळ अंगणातल्या मंडपातून आलास. पालखीपुढची माणसं वळून वळून बघायला लागली. कोणीतरी तात्यांनाच विचारलं, 'सोपानराव, तुमी हाय न्हवं अजून?' आणि सगळी हसली. तात्या त्या हशावर पेटले. 'माझ्या जित्तेपनी मिशी उतरवलीस, म्हंजे तुजा बाप मेला. मेलेल्याच्या घरात तुजं काय काम?' एवढंच बोलले, पण सगळ्या गावासमोर बोलले. तू पेढ्यांचा पुडा तुळशीपाशी ठेवलास आणि गेलास. पुढे हिंजवडी सोडून बंगळूर गाठलंस, तिथेच मधुवंतीशी लग्न केलंस, आणि आलास तो फक्त आईच्या दहाव्याला, तेही डोकं करून लोकांत उभा राहिलास आणि लोकांबरोबर गेलास. तात्यांनी तुझं नाव घेतलं नाही आणि तूही त्यांचं घेतलं नाहीस. मधे मी. माझं काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही, आजही नको.

तेव्हा मला भीती नुसती तात्यांच्या रागाची नव्हती. खरं सांगतो, मी इंजिनांच्या गावात नोकरी करणारा माणूस, पण मला वाटायचं, आज मिशी काढली आणि याच आठवड्यात तात्यांना काही झालं तर? मग मी काय तोंड दाखवू? असं करत मी झोपेवाचून दिवस ढकलत राहिलो. मग एका दुपारी तात्या मोरीपाशी चक्कर येऊन बसले. गाडी दारात उभी आणि मला चालवायची बंदी. रिक्षा येईपर्यंत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिलो. नुसती साखर कमी झाली होती, पण त्या वेळात माझं ठरलं. तात्यांसाठी म्हणून जी मिशी ठेवली, तिच्यामुळेच मी तात्यांच्या उपयोगी पडत नसेन तर ती काय कामाची?

गावात काढायची सोय नव्हती. कंपनीजवळच्या सलूनमध्ये गेलो. मिशी उतरवा म्हटल्यावर न्हाव्यानं रेडिओ बंद केला आणि हळू आवाजात विचारलं, 'कधी गेले?' कोणी गेलेलं नाही, म्हटलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला उठून पळावंसं वाटलं. आरशात तोंड बघवेना, सोलल्यासारखं दिसत होतं. पण त्या रात्री मास्क लावला आणि कुठे शिट्टी नाही, कुठे झुळूक नाही. सकाळी जाग आली तेव्हा ऊन पायापर्यंत आलेलं. जयदीप, अशी झोप मी खळ्यावर झोपायचो त्यानंतर घेतलेली नाही. तुझी वहिनी उशी घेऊन परत आली, तर आवाज नाही म्हणून तिलाच झोप लागेना. तात्यांसमोर मात्र मी कोरोनातला कापडी मास्क लावून फिरायला लागलो आणि सर्दी झाली म्हणून सांगितलं. रात्रीचा मास्क बसावा म्हणून मिशी काढली आणि ती काढलेली दिसू नये म्हणून दिवसा दुसरा मास्क.

हे किती दिवस चालणार? एका संध्याकाळी मोशीत चहा प्यायला मास्क खाली केला आणि समोर लक्ष्मणराव. तात्यांचे लंगोटीयार. त्यांनी माझ्या ओठाकडे बघितलं, त्यांचा चेहरा पडला. अशा वेळी कोणी काही विचारत नाही, तुला माहीत आहे. त्यांनी हात जोडले, डोळे पुसले आणि माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत मोटरसायकलला किक मारली. मी घरी पोचेपर्यंत गावाच्या ग्रुपवर तात्यांचा फोटो, हार आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'थोरल्याची मिशी उतरलेली बघितली'. तोच फिरत फिरत तुझ्यापर्यंत आला. दारात पांढऱ्या टोप्या जमलेल्या. शेजारच्या भिमाबाईनं फाटकातूनच हंबरडा फोडला आणि ओट्यावरून तात्यांनी विचारलं, 'भिमे, कोन गेलं गं?' तिचा हंबरडा अर्ध्यातच अडकला. सगळे लक्ष्मणरावांकडे बघायला लागले. ते चाचरत म्हणाले, 'सोपानराव, तुमीच की.' तात्या म्हणाले, 'मग मला कसं न्हाई सांगितलं कुनी?'

तुझा फोन आला तो ह्याच गडबडीत. 'दादा, मी निघालोय' म्हणताना तुझा आवाज फुटला होता, तो मी ऐकला. लहानपणी विटी लागली तेव्हाचाच आवाज. मग तू 'ठीक आहे' म्हणून फोन ठेवलास आणि मी अंगणात आलो तर सगळं गाव माझ्या तोंडावरच्या कापडाकडे बघत होतं. तात्या म्हणाले, 'काढ ते.' मी काढलं. पुन्हा जत्रेचा दिवस उभा राहिला, तीच माणसं, तेच अंगण, फक्त या वेळी उघड्या तोंडानं उभा मी होतो. तात्यांनी खूप वेळ बघितलं. एका डोळ्यात मोतीबिंदू, तरी मान वाकडी करकरून बघितलं. मग तुझ्या वहिनीला म्हणाले, 'रुपाली, मंडळी लांबनं आलीत, समद्यांला चा टाक.' 

आता हे पत्र का लिहिलं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो. मास्क लावला नव्हता. तात्यांनी वर बघितलं, कप घेतला नाही, माझा हातच धरला आणि म्हणाले, 'कवा आलास जयदीप?' मी सांगणार होतो की मी रणजीत. पण त्यांनी बोलूच दिलं नाही. 'बस हितं. लई वाळलास. तुज्या आईचं तोंड हाय तुला, मिशीखाली उगाच झाकून गेलं असतं. त्या दिशी लोकं हासली म्हून बोललो रं मी. तू जाशील आसं वाटलं न्हवतं. मागनं पळत आलतो येशीपतुर, पर तुजी येश्टी गेलती.' हे मला माहीत नव्हतं, जयदीप. आईलाही माहीत नसावं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मनाला लागलंही, रोज चहा देतो मी आणि हात धरला तो तुझा. पण ते बोलणं तुझं होतं, ते मी माझ्याकडे ठेवून कसा घेऊ? शेवटी त्यांनी विचारलं, 'आता ऱ्हाशील न्हवं?' आणि मी 'ऱ्हातो' म्हणालो. तुझ्या नावानं शब्द देऊन बसलोय. तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांच्यासाठी तूच असतो, दुपारनंतर परत मी होतो, आणि डॉक्टर म्हणतात ह्या सकाळीही फार दिवस पुरायच्या नाहीत. तात्या गेले म्हणून तू निघाला होतास, आता ते आहेत म्हणून नीघ. आणि एक सांगतो, थोरल्या भावाचा हुकूम समज. दिवाळीला मधुवंतीनं पाठवलेल्या फोटोत तू मिशी राखलेला दिसलास. येताना ती काढून ये, नाहीतर तात्या तुला ओळखायचे नाहीत.

तुझी वाट बघणारा,
तुझाच
दादा